लोस बान्योसला जाताय? कुंपणाबाहेरचं गाव असं बघा

भातसंशोधनाच्या प्रशिक्षणासाठी मी सहा महिने फिलिपिन्समध्ये लोस बान्योसला राहिले. आता कर्जत-दापोलीकडून तिकडे निघालेली मुलंमुली फोन करतात, 'ताई, काय काय न्यायचं?' मसाल्याचं मी सांगतेच. पण माझं खरं सांगणं वेगळं आहे. आपली बरीच माणसं आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या कुंपणात राहतात, सुट्टीला मनिलाचे मॉल बघतात आणि परत येतात. ज्या गावाने आपल्याला सहा महिने सांभाळलं, ते बघायचंच राहून जातं. ते राहू नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी नकाशा समजून घ्या. लोस बान्योस हे लगुना प्रांतातलं गाव, मनिलापासून साठेक किलोमीटरवर. उत्तरेला सरोवर, दक्षिणेला माकिलिंग डोंगर आणि मधल्या पट्ट्यात वस्ती. सरोवराचं नाव 'लगुना दे बाई'. इंग्रजीत ते 'Bay' असं लिहितात, पण तो इंग्रजीतला 'बे' नव्हे, शेजारच्या गावाचं नाव आहे ते, आणि उच्चार 'बा-इ'. 2000 साली सरकारने लोस बान्योसला 'विज्ञान आणि निसर्गनगरी' असा खास किताब दिला, तरी कायद्याने ती आजही म्युनिसिपालिटीच आहे. तिच्यात 14 बारांगाय येतात. बारांगाय म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत, निवडून आलेला प्रमुख असलेली. खोली बघायची तर बातोंग मालाके या बारांगायमध्ये बघा. बाजार आणि विद्यापीठ दोन्ही जवळ पडतात. पत्त्यात 'कॉलेज, लगुना' दिसलं तर गोंधळू नका. 1909 साली इथे कृषी महाविद्यालय निघालं आणि त्या भागाचं नावच कॉलेज पडलं.

मग जीपनी, म्हणजे ठरलेल्या मार्गावर धावणारी तिथली प्रवासी जीप, शिका, अगदी पहिल्याच आठवड्यात. पाटी वाचून मागून चढायचं, बाकावर सरकून बसायचं आणि पैसे शेजारच्याच्या हातात देऊन 'बायाद पो' म्हणायचं. पैसे हातोहात चालकापर्यंत जातात आणि सुटे तसेच हातोहात परत येतात. दुसऱ्याचे पैसे आपल्या हातात आले की लगेच पुढे द्या, तो तिथला शिष्टाचार आहे. उतरायचं असेल तेव्हा 'पारा पो!' असं मोठ्याने म्हणा. मी पहिल्या दिवशी पुटपुटले आणि दोन थांबे पुढे जाऊन उतरले. 'पो' हा आदराचा शब्द आहे, तो कंजूषपणा न करता वापरा. माझ्या घरमालकीणबाईंना मी 'आते' म्हणायचे. ऐकायला आपल्या आत्यासारखं वाटतं, पण अर्थ थोरली बहीण. वयाने मोठ्या पुरुषाला 'कुया', म्हणजे दादा. नुसत्या नावाने हाक मारण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

बाजारात मात्र सावकाश फिरा, घाई करू नका. तांदळाचे ढीग, तळ्यातला तिलापिया, हिरवी कालामान्सी लिंबं. भाताचे शब्द तिथेच शिका. शेतातलं ते पालाय, कांडून आलं की बिगास, शिजलं की कानिन. पातेल्याच्या बुडाला धरलेल्या खरवडीला तुतोंग, आणि पेजेसारख्या पातळ भाताला लुगाव. भातावर जगणाऱ्या माणसांनाच इतके शब्द लागतात. मी ते म्हणून दाखवले तेव्हा तांदूळवाल्या बाईंनी मला हाताला धरून आत बसवलं आणि प्रत्येक ढिगातला मूठभर तांदूळ हातावर ठेवून फरक सांगितला. वर्गात शिकलेल्या गोष्टींइतकीच ती अर्धी दुपार माझ्या लक्षात आहे.

शाकाहारी असाल तर 'गुलाय' म्हणजे भाजी, एवढ्यावर विसंबू नका. पिनाकबेतसारख्या भाजीतही बागोओंग असतं, म्हणजे कोळंबीचा किंवा मासळीचा आंबवलेला, खारवलेला गोळा. 'वालांग कार्ने' म्हणजे मांस नको. पण तेवढंच म्हटलं तर मासे येतील, म्हणून 'वालांग इस्दा, वालांग बागोओंग' हेही जोडा.

संस्था तर तुम्ही बघालच. तिथल्या जनुकपेढीत भाताचे 1,30,000 हून अधिक नमुने जपून ठेवले आहेत. जाण्याआधी घरातल्या जुन्या शेतकऱ्याला 'आयआर आठ' आठवतं का ते विचारा. ते वाण 1966 साली इथूनच बाहेर पडलं. आमच्याकडे आजोबांनी वर्षानुवर्षं लावलेला 'रत्ना' कटकला तयार झाला, पण त्याच्या दोन पालकांपैकी एक हेच आयआर आठ. त्या शेतांच्या बांधावर उभी राहिले तेव्हा मला आमचं खाचर आठवलं.

गावाचं जुनं नाव माइनित, म्हणजे गरम. स्पॅनिश नावाचा अर्थ स्नानाच्या जागा. आपल्या उन्हवऱ्यासारखं नावातच ऊन पाणी आहे, आणि ते येतं माकिलिंगमुळे, कारण तो निद्रिस्त ज्वालामुखी आहे. लालाकाय, बाम्बांग या भागांत गरम पाण्याची कुंडं भाड्याने मिळतात. शनिवार-रविवारी मनिलाची कुटुंबं रात्रभराला येतात, म्हणून मधल्या वारी जा आणि संध्याकाळी जा. उन्हात त्या पाण्यात बसवत नाही.

माकिलिंगची उंची 1,090 मीटर. वनशास्त्र महाविद्यालयाकडून वाट सुरू होते, तिथे नाव नोंदवा आणि पहाटेच निघा. शिखर गाठायचं नसेल तर उकळत्या चिखलाच्या कुंडापर्यंत तरी जाच. लांब मोजे घाला, पावसात जळवा फार. डोंगराची राखण मारिया माकिलिंग करते अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. झाडीत शिरताना सोबतची माणसं हळूच 'ताबी-ताबी पो' म्हणतात, म्हणजे जरा वाट द्या. आपण राखणदाराला सांगून देवराईत शिरतो, तसंच. तुम्हीही म्हणा, आणि तिथलं पानही तोडू नका.

विद्यापीठाच्या आवारात बेकर हॉलपाशी एकदा थांबा. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने परदेशी नागरिकांना या आवारात कैदेत ठेवलं होतं. 23 फेब्रुवारी 1945 च्या सकाळी अमेरिकी छत्रीधारी सैनिक आणि फिलिपिनो गनिमी सैनिकांनी मिळून दोन हजारांहून अधिक जणांना सोडवून सरोवरापलीकडे नेलं. ही हकीकत सगळे सांगतात. त्यानंतर सूड म्हणून शेकडो गावकरी मारले गेले, ते फारसं कुणी सांगत नाही. गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला विचारा, पण आधी बसा, चहा-कॉफी होऊ द्या.

वेळ उरला तर शेजारचं कालाम्बा अर्ध्या दिवसात होतं. फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिसाल 1861 साली तिथे जन्मले.

निघताना बुको पाय घ्या. शहाळ्याच्या कोवळ्या मलईची ही 'पाय' (pie), म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, हमरस्त्यावरच्या दुकानांतून भट्टीतून काढून गरमागरम देतात. दुकानदार खोका बांधायला लागला की थांबवा आणि झाकण थोडं उघडंच ठेवायला सांगा, नाहीतर वाफेने वरचं कवच ओलं होतं. टिकत नाही फार, त्याच दिवशी संपवा. मनिलाच्या बसमध्ये डाव्या खिडकीशी बसा. कालाम्बा येईपर्यंत माकिलिंग त्याच बाजूला असतो.