सांगलीच्या पूरखुणांचा डिजिटल नकाशा विद्यार्थ्यांनी कसा तयार करावा

सांगली शहरात २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेचे पाणी शिरले आणि त्याच्या खुणा अनेक घरांच्या व दुकानांच्या भिंतींवर राहिल्या. कुठे ती गाळाची पुसट रेघ आहे, तर कुठे घरमालकाने रंगाने आडवी रेघ ओढून शेजारी साल लिहून ठेवले आहे. कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी सांगलीकरांना पाठ असते. परंतु पुलाजवळचे ५० फूट म्हणजे रस्त्यावरचे ५० फूट नव्हेत, आणि त्या पातळीला आपल्या गल्लीत पाणी नेमके कुठवर चढले होते, हे मुख्यतः त्या भिंतींनाच ठाऊक असते. भिंतींना नवा रंग लागला की ही माहिती जाते. म्हणून पूरखुणांचा नकाशा हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी अतिशय योग्य विषय आहे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीला एकच पेठ किंवा वसाहत निवडावी. गणपती पेठ, खणभाग, हरभट रस्ता, मारुती चौक, दत्तनगर असे सारे एकदम हाती घेतले, तर प्रत्येक ठिकाणच्या चार-दोन नोंदी होतात आणि कोणत्याच भागाचे चित्र उभे राहत नाही. एका छोट्या भागातील तीस-चाळीस नीट मोजलेल्या खुणा त्याहून कितीतरी मोलाच्या असतात.

मोजणी

या प्रकल्पाचा निम्म्याहून अधिक वेळ मोजणीला द्यावा. प्रत्येक खुणेसाठी पुराचे साल, उंची सेंटिमीटरमध्ये, अक्षांश, रेखांश, खुणेचा प्रकार आणि मोजणीची तारीख एवढे रकाने ठेवावेत. खुणेच्या प्रकारात रंगवलेली रेघ, गाळाची रेघ आणि रहिवाशांनी आठवणीतून दाखवलेली उंची हे तीन वेगळे लिहावेत, कारण त्यांची विश्वासार्हता सारखी नसते. मोजमाप घरमालकाच्या परवानगीनेच घ्यावे आणि नोंदीत कुटुंबाचे नाव किंवा फोन क्रमांक लिहू नये. पुरात ज्यांचा संसार वाहून गेला, त्यांना आधी बोलू द्यावे. टेप नंतर काढावी.

उंची घराच्या जोत्यापासून न मोजता लगतच्या रस्त्यापासून मोजावी, कारण शेजारशेजारच्या दोन घरांची जोती सहज दोन-तीन फुटांनी वरखाली असतात. आमच्या गटाने पहिल्या दिवशी हीच चूक केली आणि सगळी गल्ली पुन्हा मोजावी लागली. शिवाय रस्ताही स्थिर नसतो: डांबराचे थर चढत गेल्यामुळे २००५ ची खूण आज रस्त्यापासून मोजली, तर ती तेव्हाच्या पाण्याच्या खोलीपेक्षा कमी भरू शकते. यावर उपाय म्हणजे गवंडी पातळी काढण्यासाठी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी. गल्लीतील एखादी न बदलणारी जागा, उदाहरणार्थ जुन्या दगडी पायरीचा माथा, शून्य मानावी आणि प्रत्येक खूण तिच्यापासून किती वर किंवा खाली आहे, हेही नळीने काढावे. एकाच पुराच्या खुणा एका छोट्या गल्लीत जवळपास एकाच पातळीत यायला हव्यात; एखादी बरीच वरखाली आली, तर ती खूण किंवा तिचे साल चुकले आहे असे समजून फेरतपासणी करावी.

मोबाइलचे जीपीएस मोकळ्या जागी साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. अरुंद बोळात मात्र ही चूक वाढते. म्हणून ठिकाण मोबाइलवरून घेऊन नंतर उपग्रहचित्रावर इमारत ओळखून बिंदू योग्य जागी सरकवावा. उंचीसाठी मोबाइलवर मुळीच विसंबू नये.

संगणकावर

या नोंदींचा तक्ता यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून जतन करावा, नाहीतर देवनागरी अक्षरे बिघडतात. त्यानंतर क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे मोफत सॉफ्टवेअर उघडून तो तक्ता मजकूर-थर म्हणून जोडावा आणि एक्सच्या जागी रेखांश, वायच्या जागी अक्षांश निवडावा. सांगली अंदाजे १६.८५ उत्तर, ७४.५८ पूर्व येथे आहे; ही अदलाबदल झाली, तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतात. जोडताना ईपीएसजी ४३२६ ही अक्षांश-रेखांशांची निर्देशांक प्रणाली ठेवावी, आणि मीटरमध्ये अंतरे मोजायची असल्यास थर ईपीएसजी ३२६४३ या मीटरमधील प्रणालीत रूपांतरित करावा. पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅप हा मोफत नकाशा घेता येतो. त्याचा श्रेयनिर्देश नकाशावर छापणे बंधनकारक आहे.

पाण्याच्या खोलीसाठी फिकट निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत चार-पाच वर्ग पुरेत. भरीव वर्तुळ रंगवलेल्या खुणेला आणि पोकळ वर्तुळ आठवणीतल्या उंचीला द्यावे. तीन पुरांचे तीन नकाशे करावेत, पण तिन्हींवर रंगांची मोजपट्टी एकच असावी. ती बदलली, तर २०१९ आणि २०२१ ची तुलनाच खोटी ठरते.

दोन खुणांमधली जागा संगणकाकडून रंगवून घेण्याचा मोह टाळावा. मोफत मिळणाऱ्या एसआरटीएम (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या) उंचीमाहितीचा एक चौकोन सुमारे ३० मीटरचा असतो आणि त्यातील उंचीत काही मीटरची चूक असू शकते. तिच्यावरून गल्लीतले दोन फूट पाणी दाखवता येत नाही. जिथे मोजले नाही, तिथे नकाशा कोराच ठेवावा.

पहिली प्रत मोठ्या कागदावर छापून त्याच गल्लीत घेऊन जावी आणि रहिवाशांनी दाखवलेल्या चुका पेन्सिलने तिच्यावरच टिपून घ्याव्यात. दुरुस्त प्रतीवर आवृत्ती आणि तारीख टाकून मूळ तक्त्यासह ती शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गटाला शेजारची गल्ली त्याच रकान्यांत जोडता येईल.