ब्लँकमधला पीक

रक्तातली कीटकनाशकं मोजायच्या प्रकल्पावर पहिल्यांदा रुजू झाले तेव्हा वाटलं होतं, सगळी करामत मशिनची असणार. आपण फक्त त्यात नमुन्याचं इंजेक्शन मारायचं. पहिले दोन महिने मी काचेची भांडी धुतली. साबण, क्रोमिक ॲसिड, डिस्टिल्ड वॉटर, ॲसिटोन, शेवटी हेक्झेन, आणि मग ओव्हन. एम.एस्सी.ला नव्वदीत मार्क पडलेल्या मुलीला हे काम जरा टोचतंच. कशासाठी, ते पुढे कळलं.

या कामाकडे वळणाऱ्यांनी आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. 2017मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा झाली, माणसं गेली, ती बातमी डोक्यात घेऊन बरेच जण येतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकांच्या तशा बाधेत रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम तपासतात, कारण ते औषध शरीरात फार टिकत नाही. आमचा विषय टिकणाऱ्यांचा: डीडीटी, त्यापासून शरीरात तयार होणारं डीडीई, एचसीएच. शेतीसाठी डीडीटी 1989मध्ये बंद झालं, डासांसाठी मात्र पुढेही वापरात राहिलं. तांत्रिक एचसीएच 1997मध्ये गेलं. तरी चरबीत मुरलेलं अजून रक्तात उतरत राहतं. डीडीईच्या मानाने डीडीटी जास्त दिसलं, तर संपर्क अलीकडचा असावा असं समजतात. एचसीएचच्या भावंडांत, म्हणजे त्याच रेणूच्या वेगवेगळ्या रूपांत, बीटा सगळ्यांत चिवट.

प्रमाण नॅनोग्रॅममध्ये. एका मिलीलिटर सिरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळं होणाऱ्या पातळ भागात) दोन-तीन नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जावे भाग. इथे तुमच्या हातावरचा, झाकणावरचा, सॉल्व्हंटमधला कचराही नमुन्याइतकाच मोठा दिसतो. म्हणून प्रत्येक बॅचबरोबर एक ब्लँक चालवायचा. रक्त नाही, बाकी सगळं तेच: प्रथिनं मोडायला फॉर्मिक ॲसिड, हेक्झेनने निष्कर्षण, नको ते गाळायला फ्लोरिसिल पावडरचा कॉलम, नायट्रोजनखाली आटवणं. (नळी पूर्ण कोरडी होऊ देऊ नका. चहाला गेलात की एचसीएच उडून गेलंच म्हणून समजा.) सल्फ्युरिक ॲसिडने चरबी झटपट साफ होते, पण डिएल्ड्रिन हे कीटकनाशक मोजायचं असेल तर तो मोह टाळा, तेही त्यात खलास होतं.

माझ्या तिसऱ्या बॅचच्या ब्लँकमध्ये, मशिनच्या आलेखावर डीडीईच्या जागी सुबक पीक, म्हणजे उंचवटा, आला. आमच्या मशिनचा ईसीडी डिटेक्टर फक्त पदार्थ बाहेर पडायची वेळ सांगतो, नाव सांगत नाही. क्लोरीन नसलेले पदार्थही त्याला चालतात. आठ दिवस मी सॉल्व्हंटच्या बाटल्या बदलत होते. शेवटी सीनियरने नमुना जीसी-एमएसवर लावला, ते मशिन रेणूच्या तुकड्यांच्या वजनावरून पदार्थ ओळखतं. डीडीईचे 246 आणि 318 वजनाचे आयन (तुकडे) कुठेच नाहीत, 149 मात्र ठणठणीत उभा. थॅलेट, प्लॅस्टिक मऊ करायला घालतात ते! प्लॅस्टिकचं अस्तर असलेली नवी झाकणं आली होती, त्यातून उतरलेलं. टेफ्लॉनची झाकणं आणली, पीक गेला. आधीच्या दोन बॅचमध्येही तीच झाकणं होती, म्हणून ते बावीस नमुने परत काढले. त्यातल्या चार जणांचं सिरम उरलंच नव्हतं. त्यांचे आकडे आम्ही टाकून दिले.

आकडा मिळाला तरी तो तसाच लिहायचा नसतो. जेवणानंतर रक्तातली चरबी वाढते, तिच्याबरोबर कीटकनाशकही वाढलेलं दिसतं. म्हणून नमुना उपाशीपोटी घ्यायचा आणि चरबीने भागायचं. आम्ही कोलेस्टेरॉलला 2.27ने गुणून त्यात ट्रायग्लिसराइड आणि 62.3 मिळवायचो, सगळं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. कोलेस्टेरॉल 180, ट्रायग्लिसराइड 150 असेल तर चरबी सुमारे 621. अशा माणसाच्या सिरममध्ये मिलीलिटरमागे 3 नॅनोग्रॅम डीडीई सापडलं, तर ते चरबीच्या ग्रॅममागे साधारण 483 नॅनोग्रॅम.

आता गावातलं. आमच्या प्रश्नावलीत होतं, "सध्या कोणतं औषध चालू आहे?" विचारायचं होतं बीपी-शुगरचं. एका काकांनी शांतपणे सांगितलं, "मागच्या आठवड्यात बोंडअळीचं मारलं." विदर्भात औषध म्हणजे फवारणीचंच आधी. पाच फॉर्म भरून झाल्यावर हे लक्षात आलं. तेव्हापासून आम्ही "गोळ्या" विचारायला लागलो. संमतिपत्रही तुमच्या भाषेत नाही, त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. रक्त हाताळण्याआधी स्वतः हेपॅटायटिस बीची लस घ्या, ते प्रयोगशाळा आपणहून आठवून देईलच असं नाही.

आणि रिपोर्ट. तेच काका चार महिन्यांनी भेटले. "काय निघालं मग माह्या रक्तात?" मी आकडा सांगितला. "म्हणजे जास्त का?" गावच्या इतरांपेक्षा थोडं जास्त, म्हटलं. आजार होईल का ते या एका आकड्यावरून सांगता येत नाही, हेही सांगितलं. त्यांनी कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि विचारलं, "मग पोराचं पन तपासून द्याल का?"

प्रकल्पात फक्त प्रौढांचे नमुने मंजूर होते. मी ते सांगितलं, आणि गाडीत येऊन बसले.