स्टारडस्ट ॲट होम: अंतराळातली धूळ शोधताना या चुका टाळा

अंतराळातून आणलेल्या धुळीचा माग घरबसल्या चित्रांत शोधायचा, असा हा ‘स्टारडस्ट ॲट होम’ उपक्रम. त्यातला नवा स्वयंसेवक पहिल्या दिवशी हमखास एक गफलत करतो. तो चित्रात धुळीचा कण शोधत बसतो. कण साधारण एक मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहूनही बारीक. तो या चित्रांत डोळ्यांना दिसेल ही आशा सोडून द्यावी. शोधायचा असतो तो कण आत घुसताना पडलेला बोगदा, म्हणजेच ट्रॅक.

आधी चित्रं कसली आहेत ते थोडक्यात पाहू. नासाचं स्टारडस्ट यान ७ फेब्रुवारी १९९९ रोजी निघालं. वाटेत २००० आणि २००२ मध्ये मिळून १९५ दिवस त्याने आपल्या संग्राहकाची, म्हणजे धूळ पकडणाऱ्या भागाची, एक बाजू ताऱ्यांमधून येणाऱ्या धुळीच्या प्रवाहासमोर धरली. धूमकेतूची धूळ पकडली ती दुसऱ्या बाजूने. १५ जानेवारी २००६ रोजी हा संग्राहक घेऊन यानाची कुपी अमेरिकेतल्या युटामध्ये उतरली. या संग्राहकात एरोजेलच्या १३२ लाद्या आहेत. एरोजेल म्हणजे सिलिकाचं अतिसूक्ष्म जाळं, बाकी जवळजवळ सगळी हवाच. (कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या पदार्थावर बरंच संशोधन झालं आहे, त्यामुळे आपल्याकडच्या काही वाचकांनी तो हातात धरलाही असेल.) ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये स्वयंचलित मायक्रोस्कोपने या लाद्यांची चित्रं टिपली आणि बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १ ऑगस्ट २००६ पासून ती लोकांसमोर ठेवली. संगणकाला शिकवायला खऱ्या ट्रॅकचे नमुनेच हाताशी नव्हते, म्हणून माणसांच्या डोळ्यांची गरज पडली. हे काम करणाऱ्यांना ‘डस्टर’ म्हणतात.

एकाच चित्रावर निकाल देणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. समोर येतं ते एक चित्र नसतं. ती चाळीसेक चित्रांची चळत असते. मायक्रोस्कोपचा फोकस पृष्ठभागाच्या थोडा वरून सुरू होऊन सुमारे १०० मायक्रोमीटर खाली जाईपर्यंत टिपलेली. बाजूच्या पट्टीवर माउस खालीवर फिरवला की फोकस बदलतो. या हालचालीतच सगळा पुरावा असतो. मधल्याच एखाद्या चित्रावर थांबून ‘गोल दिसतंय, म्हणजे ट्रॅक’ म्हटलं की चुकलंच.

पट्टी आधी अगदी वर न्या. सगळं धूसर दिसेल, ते बरोबर आहे. मग सावकाश खाली या. एका जागी कचरा, ओरखडे, एरोजेलचे कपचे एकदम स्वच्छ दिसू लागतील. हा पृष्ठभाग. इथे काही गोल दिसलं तरी क्लिक करू नका, फक्त जागा लक्षात ठेवा. आणखी खाली गेलात की हा कचरा पुसट होत जातो. तो पुसट होत असताना काय स्वच्छ होतं, हा एकच प्रश्न स्वतःला विचारायचा.

पृष्ठभागावर बसलेली धूळ कितीही गोल असो, खाली गेल्यावर ती नुसती पसरट होत विरून जाते. लाद्या तयार होतानाच आत अडकलेला कण किंवा बुडबुडा याच्या उलट वागतो: वर काहीच नाही आणि मध्येच कुठेतरी खोलवर तो अचानक उमटतो. पृष्ठभागाशी नातं नसेल तर तो ट्रॅक नव्हे. भेगा खोलवर जातात, म्हणून त्या फसवतात. पण भेग लांबट आणि वेडीवाकडी असते, तिची कड सरळ फाटल्यासारखी दिसते. खऱ्या ट्रॅकला पृष्ठभागावर छोटं प्रवेशद्वार असतं आणि पृष्ठभाग धूसर झाल्यावरही तिथेच, किंवा थोडं सरकून, गोलसर ठसा किंवा वलय ठळक राहतं. शंका असेल तर त्याच जागेवर दोनतीनदा वरखाली करा. घाईत एकदाच खाली गेलं की बुडबुडा आणि ट्रॅक यांत फरक करणं अवघड जातं.

शेवटी कण दिसला नाही म्हणून ट्रॅक नाकारणं

ताशी हजारो किलोमीटरच्या भाषेत या कणांचा वेग समजत नाही. इथे सेकंदाला किलोमीटर मोजतात. सराव आणि चाचणीसाठी दाखवतात तसे ट्रॅक मिळवायला जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या धूलिकण-त्वरकातून, म्हणजे धुळीचे कण प्रचंड वेगाने सोडणाऱ्या यंत्रातून, सुमारे २० किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने कण एरोजेलवर मारले गेले. इतक्या वेगात कण आत शिरताना वाफ होऊन जाऊ शकतो. ‘सोरोक’ नावाच्या ट्रॅकमध्ये (ताऱ्यांमधून आलेल्या कणाचा असावा असा एक ट्रॅक) असंच झालं: बोगदा राहिला, कण राहिला नाही. ‘ओरायन’ आणि ‘हायलाब्रुक’ हे तसेच दोन कण मात्र कमी वेगाने शिरल्याने वाचले. म्हणून बोगद्याचा तळ रिकामा दिसला तरी क्लिक करायचंच.

तिरके ट्रॅक सोडून देणं

सरळ खाली गेलेला ट्रॅक वर्तुळासारखा दिसतो. तिरका ट्रॅक फोकसबरोबर बाजूला सरकतो आणि लांबुळका भासतो. अनेक तिरके ट्रॅक यानाच्या सौर पॅनेलवर काहीतरी आदळून उडालेल्या तुकड्यांचे निघाले, हे खरं आहे. पॅनेलच्या काचेतलं सेरियम त्यात सापडलं. पण हे घरी बसून ठरवता येत नाही. पाटीवर ‘यानाचा कचरा’ असं लिहून येत नाही, ते रासायनिक तपासणीतून कळतं. शिवाय कोणत्या दिशेने काय आलं हा हिशेबही शास्त्रज्ञांना हवाच असतो. दिसला ट्रॅक, की नोंदवा.

‘बॅड फोकस’ आणि ‘नो ट्रॅक’ची सरमिसळ

ही दोन बटणं आहेत. पृष्ठभाग चळतीत कुठेच स्वच्छ दिसला नाही, किंवा पहिलंच चित्र पृष्ठभागाखालचं असेल, तर ‘बॅड फोकस’. पृष्ठभाग नीट सापडला, खाली उतरूनही पाहिलं आणि काही नाही, तर ‘नो ट्रॅक’. कंटाळा आला म्हणून ‘बॅड फोकस’ दाबला की चांगलं चित्र वाया जातं. उलट, खरोखर बिघडलेल्या चळतीवर ‘नो ट्रॅक’ दाबलं तर न पाहिलेली जागा पाहिल्याची नोंद होते, आणि हे जास्त वाईट.

नवख्याला ‘नो ट्रॅक’ दाबताना अपराधी वाटतं. वाटू देऊ नका. बहुतांश चित्रं रिकामीच असतात. मधूनमधून मुद्दाम पेरलेली, उत्तर आधीच ठाऊक असलेली चित्रंही येतात आणि गुण त्यांवरच ठरतात. गुण वाढवायला प्रत्येक ठिपक्यावर क्लिक करणारा त्यांवर पकडला जातो, आणि डोळे झाकून ‘नो ट्रॅक’ दाबणाराही.

स्क्रीनच्या कुरबुरी

चळत पूर्ण उतरायच्या आत पट्टी फिरवली की फोकस टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि नेमकी पृष्ठभागाखालची चित्रं चुकतात. नेट संथ असेल तर थांबा. ब्राउझरचं झूम १०० टक्क्यांवर ठेवा. रात्रीचा पिवळसर मोड बंद करा. फिकट करड्या वलयाची कड त्यात बुडते. लॅपटॉपचा पडदा तिरका असेल तर चित्राचा एक कोपरा काळवंडतो, म्हणून तो डोळ्यांसमोर सरळ धरा. मोबाइलवर हे काम करू नये असंच आम्ही सांगू. आणि अर्ध्या तासानंतर डोळे सवयीने ‘नाही’ म्हणू लागतात, तेव्हा उठा.

ॲल्युमिनियमच्या फॉइलला तोच नियम लावणं

लाद्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची फॉइल आहे. तिच्यावर आदळलेला कण बोगदा करत नाही, विवर करतो. ही चित्रं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची. इथे फोकसची पट्टी उपयोगाची नाही, कड पाहायची. खऱ्या विवराचा काठ चहूबाजूंनी उचललेला असतो. धातूतला मूळचा खड्डा काठाविना सपाट बसलेला असतो, आणि फॉइल लाटतानाच्या रेघा एकाच दिशेने धावतात. फॉइलकडे दुय्यम म्हणून पाहू नये. ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ७ संभाव्य आंतरतारकीय (ताऱ्यांमधून आलेल्या) कणांपैकी ४ फॉइलमधले होते, ३ एरोजेलमधले. त्याच तपासात यानाचेच म्हणावेत असे ५० हून अधिक कणही ओळखले गेले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत ३०,७१४ डस्टरांचा एकत्रित उल्लेख आहे.