गुण बिअरला, साबणाला नाही: चाखायला बसण्याआधीची तयारी

ही यादी एका फजितीतून सुरू झाली. एकाच क्राफ्ट ब्रुअरीच्या पाच बिअर आम्ही चौघं मिळून चाखत होतो आणि पाचही कागदांवर मी एकच शेरा मारला होता, ‘फेस टिकत नाही’. पाच वेगवेगळ्या बिअर, पाचांना एकच रोग! दुसऱ्या दिवशी त्याच ग्लासांत साधं पाणी ओतलं तर ते काचेवर सरळ न पसरता थेंबाथेंबांनी तुटत होतं. ग्लास नीट धुतले गेलेच नव्हते, आणि धुतले होते मी. तेव्हापासून तयारी करताना स्वतःला एकच प्रश्न विचारतो: कागदावर पडणारा आकडा बिअरचा असेल, की माझ्या ग्लासाचा, फ्रिजचा, भुकेचा?

खरेदीपासूनच सुरुवात करा. कॅन किंवा बाटली हातात आली की आधी पॅकिंगची तारीख शोधा. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध हीच आयपीएची (हॉप्स भरपूर घातलेल्या ‘इंडिया पेल एल’ची) कमाई, आणि तो सगळ्यात आधी उडतो. दोन-तीन महिन्यांच्या आतली, सतत थंड राहिलेली मिळाली तर उत्तम. जुनी, उन्हाळ्यात बाहेर पडून राहिलेली आयपीए चाखून ब्रुअरीला नावं ठेवणं अन्याय आहे. तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो, तो ऑक्सिजनचा प्रताप. दणकट, गडद स्टाउटला मात्र काही महिन्यांनी फारसं बिघडत नाही, कधीकधी ती सुधारतेही. बाटली हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची असेल तर ती दुकानात उजेडात उभी होती का, तेही बघा. प्रकाश लागला की हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून रबर जळल्यासारखा उग्र वास तयार होतो. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते, कॅनमध्ये तर तो शिरतच नाही.

किती घ्यायच्या? माझं उत्तर पाच, फार तर सहा. त्यापुढे नाक संपावर जातं. ३३० मिलीची एक बाटली चौघांत वाटली की प्रत्येकाला साधारण ८० मिली येते. वास, रंग, तीन-चार घोट, एवढ्याला ती पुरते. सहा ग्लासांचे झाले ४८० मिली. सरासरी ६ टक्के धरली तर शुद्ध अल्कोहोल सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे ‘नुसतं चाखलंच तर आहे’ असं म्हणून गाडीची किल्ली हातात घेता येणार नाही. परत जायची सोय आधीच ठरवा. आणि टेबलावर उरलेली बिअर ओतायला एक मोठं भांडं ठेवा. न आवडलेली बिअर भिडेखातर संपवणारे लोक मी पाहिले आहेत. चौथ्या ग्लासापासून त्यांचे गुण भलतेच उदार होतात.

बाटल्या आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये उभ्या ठेवा म्हणजे यीस्टचा गाळ तळाशी बसतो. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचं उलट आहे: तिच्यात गाळ हवाच, म्हणून शेवटचा भाग बाटलीत हलकेच फिरवून मग ओततात. तापमानाकडे सहसा दुर्लक्ष होतं. पिल्सनर (हलकी, सोनेरी बिअर) ५ ते ७ अंश सेल्सिअसला, पेल एल (आयपीएची सौम्य बहीण) आणि आयपीए ८ ते १० ला, स्टाउट १२ च्या आसपास. फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो, म्हणून स्टाउट अर्धा तास आधी बाहेर काढायची, पिल्सनर ऐन वेळी. थंडगार स्टाउटला मी एकदा ‘नुसती करपट, पातळ’ लिहून मोकळा झालो. ग्लासात उरलेला घोट तासाभरानं सहज घेतला तर त्यात चॉकलेट, सुकं अंजीर, सगळं हजर. तो कागद अजून जपून ठेवला आहे.

ग्लास सगळ्यांना सारखे, शक्यतो वर किंचित आत वळलेले, म्हणजे वास कोंडून राहतो. साबणाने धुतले की भरपूर पाण्याने खळबळायचे आणि उपडे घालून आपोआप वाळू द्यायचे; फडक्याने पुसू नका, धागे आणि तेलकटपणा चिकटतो. बिअर ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले तर समजा, ग्लास अजून अस्वच्छ आहे. तो बदला, बिअरला दोष देऊ नका.

माणसांच्या तयारीबद्दल थोडक्यात सांगतो. उपाशी येऊ नये, मसालेदार जेवूनही येऊ नये. तासभर आधीपासून कॉफी, पुदिना, टूथपेस्ट बंद. अत्तर लावून आलेल्याला खिडकीजवळ बसवावं, प्रेमाने. दोन ग्लासांच्या मध्ये घोटभर साधं पाणी आणि बिनमिठाचा ब्रेड. नाक बधिर झालं तर स्वतःच्याच बाहीचा वास घ्या.

क्रम हलक्याकडून जडाकडे: पिल्सनर, गव्हाची, पेल एल, आयपीए, शेवटी स्टाउट. आंबट बिअर कुठे बसवावी यावर वाद आहेत. मी ती सगळ्यात शेवटी ठेवतो आणि आधी दहा मिनिटं थांबतो. धुरकट माल्टची (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) असेल तर तीही शेवटीच, कारण तो धूर पुढच्या ग्लासापर्यंत जिभेवर रेंगाळतो.

आता कागद. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, म्हणजे बीजेसीपी, ही १९८५ पासूनची परीक्षकांची संस्था आहे. तिच्या पत्रकात ५० गुण असे वाटलेले असतात: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५ आणि एकूण छाप १०. रूपाला तीनच गुण बघून सुरुवातीला हसू येतं, पण सुंदर फेसाची भूल पडू नये यासाठी ते बरंच आहे. हे गुण बिअर आपल्या प्रकाराला किती जागते यासाठी असतात. गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग हा यीस्टचा गुण. तोच केळ्याचा वास पिल्सनरमध्ये आला तर दोष. लोण्याचा वास डायअॅसिटिलचा, उकडलेल्या मक्याचा डीएमएसचा (डायमिथाइल सल्फाइड), हिरव्या सफरचंदाचा असिटाल्डिहाइडचा; ही सगळी बिअरमध्ये तयार होणारी रसायनं. एवढे चार-पाच शब्द कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, ऐन वेळी आठवत नाहीत. बाजूला ‘मला आवडली का’ असा वेगळा रकाना आखा. हे दोन आकडे एकत्र करायचे नाहीत. मला कडू आयपीए फारशी मानवत नाही, तरी ३८ गुण दिलेल्या आहेत.

आणि आता माझ्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची बाब. न चाखणारा एक माणूस ओतण्यासाठी पकडा. तो आतल्या खोलीत ओतेल आणि प्रत्येक ग्लासावर तीन आकडी खूण लावेल, ४१७, ८६३ अशी. १, २ किंवा अ, ब नको. पहिला आणि ‘अ’ म्हटलं की मन आपोआप झुकतं. खुणेखाली फक्त प्रकार लिहायचा, नाव नाही. चित्रविचित्र लेबल बघून गुण वाढतात, माझेही. शिवाय त्याला गुपचूप सांगा की पाचांपैकी कुठलीही एक बिअर दोनदा ओत, वेगळ्या खुणेने. निवड त्याची. त्यासाठी प्रत्येक बिअरचे एकाच बॅचचे दोन कॅन आणून ठेवावे लागतात. खर्च वाढतो, पण या बाबतीत मी हात आखडत नाही. बाकीच्यांना आधी सांगू नका, नाहीतर सगळे जुळं शोधत बसतात.

कागद भरून झाले की आधी त्या जुळ्याचे गुण बघा. पहिल्यांदा मी एकाच पेल एलला ३६ आणि ३० दिले होते. म्हणजे त्या संध्याकाळी माझी जीभ सहा गुणांनी डोलत होती, मग ३४ ची बिअर ३२ च्या बिअरपेक्षा सरस असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? तो फरक पानाच्या माथ्यावर लिहून ठेवतो आणि त्याहून लहान फरकांवर वाद घालत नाही. आता तो दोन-तीनवर आला आहे, कधीकधी चार.

चाखण्याचा वेग ठरवून घ्या: एका ग्लासाला दहा मिनिटं. ओतल्याबरोबर आधी नाक, छोट्या छोट्या हुंगण्यांनी, कारण काही वास मिनिटभरात निघून जातात. रंग नंतर पाहिला तरी पळून जात नाही. घोट गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. अर्धी चव तिथेच कळते. प्रत्येकाने गप्प बसून लिहायचं आणि आकडा पडेपर्यंत ‘अहाहा’सुद्धा करायचं नाही. आमच्यातला एक मित्र बोलका आहे, त्याच्यामुळे हा नियम आला.

प्रत्येकी दुसऱ्या कॅनांपैकी जे न उघडलेले उरतील, त्यातली सगळ्यात हलकी बिअर बाजूला ठेवा. ८० मिलीच्या घोटात गोड, दणकट बिअर नेहमी भाव खाऊन जाते आणि साधी पिल्सनर बिचारी मागे पडते. दोन-तीन दिवसांनी ती पिल्सनर पूर्ण ग्लास भरून, सावकाश प्या आणि तळाशी पोचल्यावर आणखी एक हवासा वाटतो का, ते लिहा. त्यासाठी कागदावर शेवटचा रकाना आधीच आखून ठेवायचा.