कॉलेजच्या पोरांची मापं घेताना

उंची-वजन सकाळी घ्या, अनवाणी, खिशातला मोबाइल बाहेर काढून. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पण आमच्या जिमखान्यातला कुस्तीगीर २७ भरला तरी त्याला लठ्ठ म्हणत नाही मी. उलट २१ वाल्या काटकुळ्याचं पोट सुटलेलं असू शकतं.

म्हणून खरी मदार कंबरेवर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवा धरा, टी-शर्टावरून नाही, आणि श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचा. पोरं हमखास पोट आत ओढतात. मी गाव कुठलं ते विचारतो. बोलता बोलता पोट आपोआप सैल पडतं! मुलगे ९०, मुली ८० सेंटिमीटरच्या आत हव्यात.

कॅलिपर (कातडीखालची चरबी मोजायचा चिमटा) असेल तर उजव्या दंडाची मागची बाजू मोजा, खांदा-कोपराच्या मध्यावर. चिमटीत कातडी नि चरबीच यावी, स्नायू नको. हे हाताला बसायला वेळ लागतो. दोनदा मोजा.

मुलींची मापं मॅडमनीच घ्यावीत, पडद्याआड. आकडे मोठ्यानं पुकारू नका. पुढची मापं तीन महिन्यांनी, त्याच माणसानं, त्याच टेपनं.