नाशिकमधून कोरियन मुलांना ऑनलाइन इंग्लिश शिकवायचंय? मग हे आधी वाचा

चार वर्षं झाली, इंदिरानगरच्या घरात मागच्या खोलीत बसून मी कोरियन मुलांना इंग्लिश शिकवते. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात, मला जमेल का गं? जमेल. पण मला जे ठेचा खात कळलं ते तुम्हाला आधीच माहीत असावं म्हणून लिहितेय.

पहिली अडचण पासपोर्टची. कोरियात जाऊन इंग्लिश शिकवायचा जो ई-२ व्हिसा आहे तो मुख्यतः 7 देशांच्या लोकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. ऑनलाइनवाले पण बऱ्याचदा हीच यादी धरून बसतात. एका साइटने माझे तीन डेमो घेतले, छान छान म्हणाले, आणि पासपोर्ट भारताचा म्हटल्यावर विषय संपला. खूप लागलं होतं तेव्हा. नंतर मामेबहिणीच्या ओळखीने पुण्यात राहणारं एक कोरियन कुटुंब मिळालं, ते परत गेले तरी मुलाचा क्लास चालू राहिला आणि त्या आईने पुढे चार जणींना सांगितलं. तेव्हा सुरुवात ओळखीतूनच करा आणि मी भारतातली, माझी भाषा मराठी, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. अमेरिकन असल्यासारखं बोलायला जाऊ नका, दहा मिनिटांत उघडं पडतं आणि मग विश्वास जातो तो जातोच.

वेळेचं गणित सोपं आहे. कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, तिकडे उन्हाळा-हिवाळ्यात घड्याळं बदलत नाहीत, त्यामुळे बारा महिने हाच हिशोब. शाळा सुटली की ही मुलं हागवॉनला जातात, म्हणजे आपल्यासारखेच खासगी क्लास, आणि सोलमध्ये ते रात्री दहापर्यंत चालतात. म्हणजे आपले साडेसहा. त्यानंतर जो मुलगा तुमच्यासमोर येतो तो सकाळपासून शिकून शिकून थकलेला असतो, त्याच्यापुढे ग्रामर काढू नका, गप्पा मारा. ऑफिसला जायच्या आधी शिकू म्हणणारे मोठे लोक पण भेटतील, त्यांचे सकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन, मी दोन महिने केलं आणि सोडलं. आणि इन्व्हर्टर घ्याच, लाइट गेली की तिकडची आई घड्याळ बघत असते.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, ती म्हणजे शांतता. तुम्ही प्रश्न विचारता आणि समोर नुसता चेहरा. आपल्याला वाटतं याला काही येत नाही, पण तसं नसतं, त्याला आपल्यापेक्षा जास्त ग्रामर पाठ असतं. त्यांची कॉलेज प्रवेशाची जी मोठी परीक्षा आहे, सुनुंग, ती नोव्हेंबरात होते, इंग्लिशचे 45 प्रश्न 70 मिनिटांत, त्यातले 17 ऐकून सोडवायचे, आणि हा ऐकायचा भाग चालू असतो तेवढा वेळ देशभरात विमानांची उड्डाणं थांबवतात इतकं त्या परीक्षेला महत्त्व. पण बोलायचा भाग त्यात नाहीच. मग लहानपणापासून वाचायची न् ऐकायची सवय लागते, तोंड उघडायची लागत नाही. त्यात चारचौघांत चुकायची लाज, ती तर आपल्या मराठी शाळेतून आलेल्या कुणालाही वेगळी सांगायला नको.

म्हणून 'समजलं का?' हे विचारणं बंद करा, उत्तर कायम 'येस टीचर'च येणार. त्याऐवजी दोन पर्याय द्या, आधी चॅटमध्ये लिहू द्या, मग लिहिलेलं वाचायला सांगा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा, खरंच मोजा, मी सुरुवातीला तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन टाकायचे आणि पोरं वाट बघत बसायची की आता टीचर सांगेलच. ग्रुप असेल तर कोण वयाने मोठं ते बघून घ्या, वर्षाचा फरक पण तिकडे मोजतात आणि लहान मूल मोठ्याच्या आधी बोलायला बिचकतं.

'नाही का'वाले प्रश्न तर टाळाच. मी एकाला विचारलं, डिडन्ट यू डू युवर होमवर्क? तो म्हणाला येस. मी खूश, त्याच्या आईला कळवलं पण की अभ्यास केला. केलाच नव्हता! तो म्हणत होता, 'हो, नाही केला.' आपण पण असंच बोलतो ना, 'जेवला नाहीस?' 'हो, नाही जेवलो.' मीच ओळखायला हवं होतं.

हाच मुद्दा मला सांगायचाय खरं तर. कोरियन आणि मराठी नात्याच्या भाषा नाहीत, पण घडण खूप जवळची. क्रियापद शेवटी, 'ला', 'त' सारखे प्रत्यय शब्दाच्या मागे, ए-अॅन-द ची भानगड दोघांकडे नाही, मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलतं. त्यामुळे वाक्य कुठे अडकणार ते आपल्याला आधीच कळतं. आपण पण तिथूनच गेलोय ना.

उच्चारांत मात्र वेगळं आहे. त्यांच्याकडे एफ नाही म्हणून कॉफीची कोपी होते, व्ही नाही म्हणून व्हेरीचं बेरी, आणि र-ल ला एकच अक्षर त्यामुळे राइट आणि लाइट सारखंच ऐकू येतं. मी कागदाची पट्टी तोंडासमोर धरते, पी म्हटलं की ओठ मिटून उघडतात आणि पट्टी उडते, मग वरचे दात खालच्या ओठावर टेकवून एफ, पट्टी नुसती थरथरते. मुलं स्वतः पट्ट्या कापून आणतात. व्ही आणि डब्ल्यू शिकवायच्या आधी स्वतःचं तपासा हां, आपण दोन्हीला 'व'च म्हणतो, मी महिनाभर आरशासमोर बसले होते. जोडाक्षरं पण त्यांना जड जातात, स्ट्राइकचे पाच तुकडे होतात, सु-तु-रा-इ-कु असं काहीतरी. माझी आजी स्टेशनला ठेसन म्हणायची, तिने एक अक्षर गाळलं, हे स्वर भरतात, एवढाच फरक. टाळ्या वाजवून घ्या, एक शब्द एक टाळी.

बारीकसारीक: मुलाचं नाव लाल रंगात लिहू नका, तिकडे ते मेलेल्या माणसाशी जोडतात. आईला क्लासनंतर दोन ओळी पाठवा, आज काय बोलला ते. हंगुल लिपी शिकून घ्या, व्यंजनाला स्वर जोडायचा, बाराखडी येते त्याला आठवडाभर पुरे.

आणि 'हाऊ आर यू' ने सुरू करू नका, 'आय अॅम फाइन थँक्यू अँड यू' एवढं पाठ केलेलं येतं आणि परत शांतता. काहीतरी दाखवा. एक बारा वर्षांची मुलगी तीन आठवडे बोललीच नव्हती माझ्याशी. फेब्रुवारी होता, दिंडोरीहून द्राक्षं आली होती, मी घड उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. ती एकदम पुढे सरकली, म्हणाली 'पोदो!' पोदो म्हणजे द्राक्षं. मग थांबत थांबत, 'अवर ग्रँडमदर... हॅव... पोदो.' ती एकुलती एक, तरी 'अवर', कारण कोरियनमध्ये 'आमची आजी'च म्हणतात, आपल्यासारखंच. मी काहीच दुरुस्त केलं नाही, किती वेली आहेत, कधी पिकतात, तू तोडतेस का, असं विचारत गेले आणि ती वीस मिनिटं बोलली. 'माय' आणि 'हॅज' पुढच्या आठवड्यात घेतलं.