‘स्प्लिट’ कसे आणि कुठे वापरावे

‘स्प्लिट’ हा इंग्रजी शब्द पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलांपासून हिंजवडीतल्या मीटिंगांपर्यंत सर्रास वापरला जातो. बोलण्यात तो खपून जातो. मात्र इंग्रजीत ईमेल किंवा अहवाल लिहिताना त्याचे रूप आणि त्याच्या मागोमाग येणारे अव्यय या दोन ठिकाणी हमखास गफलत होते.

रूपाचे काम सोपे आहे. ‘कट’ आणि ‘पुट’ या क्रियापदांप्रमाणे ‘स्प्लिट’ भूतकाळातही बदलत नाही. ‘स्प्लिटेड’ हे रूप कितीही कानावर पडत असले तरी प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही, त्यामुळे ‘द बिल वॉज स्प्लिट’ एवढेच लिहावे.

अव्ययाकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागते, कारण नेमके कशाचे काय झाले हे तेच सांगते. तुकडे किती किंवा कोणते झाले हे सांगायचे असेल तर ‘इन्टू’ घ्यावे: ‘वुई स्प्लिट द क्लास इन्टू फोर ग्रुप्स’. वाटा कोणाकोणाला गेला हे सांगायचे असेल तर ‘बिटवीन’ किंवा ‘अमंग’ घ्यावे. दोघांसाठी ‘बिटवीन’ आणि अधिक जणांसाठी ‘अमंग’ हा शाळेतला नियम ढोबळमानाने ठीक आहे, पण तिघांची नावे घेऊन सांगताना ‘बिटवीन’ही शुद्धच ठरते. मतभेदाचा विषय सांगताना ‘ओव्हर’ किंवा ‘ऑन’ येते. ‘स्प्लिट अप’ जपून वापरावे. ‘दे स्प्लिट अप’ वाचणारा बहुधा त्या दोघांचे नाते तुटले असेच समजेल.

वाटे समान आहेत, असे हा शब्द आपण होऊन सांगत नाही. चौघांचे बिल ४८० रुपये झाले आणि ‘लेट अस स्प्लिट इट’ म्हटले, तर सहसा प्रत्येकाने १२० रुपये द्यावेत असा अर्थ घेतला जातो; परंतु ज्याने फक्त चहा घेतला त्याने मिसळ खाणाऱ्याइतकेच पैसे का द्यावेत, हा प्रश्न उरतोच. आपले ‘टीटीएमएम’, म्हणजे ‘तुझे तू, माझे मी’, या बाबतीत अधिक नेमके आहे. लेखी व्यवहारात म्हणून ‘इक्वली’ किंवा थेट प्रमाण लिहावे. गणितातील भागाकारासाठी मात्र ‘डिव्हाइड’च हवे, बारा भागिले तीन सांगताना ‘स्प्लिट’ चालत नाही.

संघटनेतील फुटीसाठी हाच शब्द नाम म्हणून येतो. डिसेंबर १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ अशी दुफळी झाली, तिला इंग्रजी इतिहासग्रंथांत ‘सुरत स्प्लिट’ म्हणतात. त्या दुफळीत समोरासमोर असलेले टिळक आणि गोखले दोघेही पुण्याचे, आणि दोघांनीही पूर्वी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत काम केलेले. हे गट पुन्हा एकत्र आले ते १९१६ च्या लखनौ अधिवेशनात. गोखले त्याआधीच, १९१५ मध्ये निवर्तले होते. अशा प्रसंगांबद्दल लिहिताना एक अडचण लक्षात ठेवावी. मराठीत पक्ष ‘फुटला’ की ‘फोडला’ यावर तावातावाने वाद घालता येतो, पण इंग्रजीत ‘द पार्टी स्प्लिट’ म्हटले की तो वाद झाकला जातो, कारण सकर्मक आणि अकर्मक दोन्ही अर्थांना हे एकच क्रियापद पुरते. कोणी फोडला हे सांगायचे असेल तर कर्ता स्पष्ट लिहावा.

शेअर बाजारातला ‘स्टॉक स्प्लिट’ आणि बोनस यांचीही गल्लत होते. स्प्लिटमध्ये शेअरचे दर्शनी मूल्य कमी होते आणि त्याच प्रमाणात शेअरांची संख्या वाढते. बोनसमध्ये दर्शनी मूल्य तेच राहते आणि कंपनीच्या गंगाजळीतील रक्कम भांडवलात वळवून नवे शेअर दिले जातात. पुण्याच्या बजाज फिनसर्व्हने २०२२ मध्ये दोन्ही एकत्र केले. ५ रुपये दर्शनी मूल्याचा एक शेअर १ रुपयाच्या पाच शेअरांत विभागला गेला, शिवाय प्रत्येकावर एक बोनस मिळाला, आणि एकाचे दहा झाले. त्यांतील पाच स्प्लिटचे आणि पाच बोनसचे. सगळे दहा ‘स्प्लिट’च्या खात्यावर टाकणे चूक आहे.

परदेशी पाठवायच्या पाकिटावर अख्ख्या मसुरापासून डाळ वेगळी ओळखू यावी म्हणून ‘स्प्लिट’ लिहितात. ‘स्प्लिटिंग हेअर्स’ म्हणजे शब्दांचा कीस काढणे, तर ‘स्प्लिट एन्ड्स’ म्हणजे केसांना फुटलेले फाटे. ‘स्प्लिट द डिफरन्स’ तुळशीबागेत रोज घडते: विक्रेता पाचशे म्हणतो, गिऱ्हाईक तीनशे म्हणते आणि सौदा चारशेला ठरतो. ‘स्प्लिट पर्सनॅलिटी’ हा शब्द स्किझोफ्रेनियासाठी मात्र अजिबात वापरू नये. ते दोन आजार वेगळे आहेत.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना पायथॉनमध्ये हाच शब्द भेटतो. ‘कोथरूड,औंध,हडपसर’ या मजकुरावर स्वल्पविराम देऊन ‘स्प्लिट’ चालवले की तीन नावांची यादी मिळते. स्वल्पविराम त्या यादीत उरत नाहीत आणि मूळ मजकूर होता तसाच राहतो. त्यामुळे मिळालेली यादी एखाद्या चलात साठवून ठेवावी, नाहीतर पुढच्या ओळीत ती हाती लागत नाही.